कळवळ्याला शिस्त हवी



समाजकार्याच्या महाविद्यालयात मुलाने अथवा मुलीने नाव घातले, ही वार्ता घरी पोहोचली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न आजोबांचा असतो. "समाजसेवा करायला कॉलेज कशाला लागते? आमच्या काळी कुणाच्या घराला आग लागली, कुणाकडे मयत झाली, तर अख्खे गाव धावून जात असे. कुणी प्रमाणपत्र मागितले नाही." दुसरा प्रश्न आईचा असतो. "सगळे खरे, पण उद्या पोट कसे भरणार?"

हे दोन्ही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. गोंदियासारख्या जिल्ह्यात, जिथे धानाच्या चार बांध्यांवर घर चालते आणि त्यातूनच लेकराच्या शिक्षणाचा खर्च काढावा लागतो, तिथे तर ते विचारलेच पाहिजेत. या भाषणाचा हेतू एवढाच की, या दोन प्रश्नांना सरळ उत्तर द्यावे. आरंभ आजोबांच्या प्रश्नापासून करू.

एक गाव, एक यादी

समजा, सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील एखादे गाव आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आजार पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे. रक्तातील तांबड्या पेशी एरवी गोल व लवचीक असतात. या आजारात त्या विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य वेदना होतात. आजार आई-वडिलांकडून येतो. स्पर्शाने, अन्नाने वा पाण्याने पसरत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण मोकळे असण्याची चारात एक असते. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तो इतरांसारखाच शेतात राबतो, शिकतो, संसार करतो.

या गावात रक्ततपासणीचे शिबिर होते. गावातलाच एक उत्साही, निःस्वार्थी तरुण दिवसभर धावपळ करतो. घरोघर जाऊन माणसे आणतो, पाणी पाजतो, म्हाताऱ्यांना हात धरून बसवतो. आठवड्याने निकाल येतात. कुणाची भेट चुकू नये म्हणून तो ती यादी चावडीसमोर मोठ्याने वाचून दाखवतो. त्याच्या मनात पाप नाही. पण यादीत एका मुलीचे नाव 'वाहक' म्हणून येते आणि पुढच्या महिन्यात तिची जमलेली सोयरीक मोडते. वाहक आणि रुग्ण यांतला भेद कुणाच्या कानी पडलेला नसतो; कानी पडलेले असते ते फक्त तिचे नाव. पुढच्या वर्षी पुन्हा शिबिर येते, तेव्हा त्या दिवशी आया आपापल्या मुलींना रानात पाठवून देतात. तपासणीचे काम त्या गावात काही वर्षांपुरते तरी संपलेले असते.

या तरुणाकडे काय नव्हते? कळवळा होता, कष्टाची तयारी होती, वेळ होता. नव्हती ती एकच गोष्ट. दुसऱ्याच्या आयुष्यात हात घालताना तो हात कुठे थांबवायचा, हे त्याला कुणी शिकवले नव्हते. शिकलेला कार्यकर्ता निकालाचे कार्ड ज्याचे त्याच्या हाती, एकांतात देतो. त्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना वाहक म्हणजे काय हे त्यांच्या बोलीत समजावतो. लग्न मोडण्याचे कारण नाही, मुलाचीही तपासणी करून घ्या, एवढेच सांगतो. दोघेही वाहक निघाले तर पुढे कोणते धोके आहेत आणि गर्भारपणात कोणत्या तपासण्या होऊ शकतात, हे सांगतो आणि निर्णय त्या दोघांवर सोडतो. घरात रुग्ण असेल तर भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे, अतिश्रम टाळावेत, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या सोडू नयेत, याचा पाठपुरावा करतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाला प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवणे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. रक्त तपासण्याचे काम यंत्र करील. तपासणीनंतरचे ते अर्ध्या तासाचे बोलणे मात्र माणसालाच करावे लागेल. ते नीट झाले नाही, तर सात कोटींचे आकडे कागदावर राहतील. आजोबांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. आग विझवायला धावणे कुणालाही जमते. रक्तात आणि नात्यांत लपलेल्या दुःखाकडे जायची वाट मात्र शिकावी लागते.

विदर्भाने घालून दिलेला धडा

हा विचार परदेशातून आलेला आहे, असे कुणाला वाटेल. पण याचा उत्तम दाखला गोंदियाहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर, नागपुरात आहे.

कमलाताई होस्पेट यांचा जन्म १८९६ मधला, खानदेशातील शिरपूरचा. लहानपणीच लग्न झाले आणि किशोरवयातच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला माजघराचा कोपरा येई. कमलाताईंनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचर्येचे आणि सुईणीच्या कामाचे शिक्षण घेतले. बाळंतपणात बायका कशा दगावतात हे त्यांनी जवळून पाहिले होते. त्या दुःखावर केवळ हळहळ व्यक्त करून त्या थांबल्या नाहीत. दुःख निवारण्याची विद्या त्यांनी आधी हस्तगत केली. मग १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासमवेत नागपुरात त्यांनी एक लहानसे प्रसूतिगृह उघडले. तेच मातृसेवा संघाचे बीज. पुढे त्याच्या शाखा विदर्भात आणि बाहेरही पसरल्या. १९६१ मध्ये भारत सरकारने कमलाताईंना 'पद्मश्री' दिली.

या कथेतला सर्वांत बोलका भाग यापुढचा आहे. १९५८ मध्ये याच मातृसेवा संघाने नागपुरात समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. ज्या संस्थेने सदतीस वर्षे प्रत्यक्ष सेवा केली, तिलाच असे वाटले की पुढच्या पिढीच्या सेवकांना शास्त्रशुद्ध शिक्षण दिले पाहिजे. हा निष्कर्ष ग्रंथालयात बसून काढलेला नव्हता. बाळंतिणींच्या खाटांशेजारी उभे राहून काढलेला होता.

बाबा आमटे यांचा दाखला याच जातीचा आहे. बाबा वकील. कुष्ठरोग्यांच्या सेवेचा निश्चय झाल्यावर त्यांनी कलकत्त्याच्या 'स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन'मध्ये जाऊन कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम केला. वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले ते त्यानंतर. निश्चय आणि सेवा यांच्यामध्ये त्यांनी विद्यार्थी होण्याची एक पायरी ठेवली होती आणि त्या पायरीचा त्यांना कमीपणा वाटला नाही.

तिसरा दाखला शेजारच्या गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे 'सर्च' ही संस्था उभारली. गावातल्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना त्यांनी नवजात बाळाची काळजी घेण्याचे काटेकोर प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन कसे करावे, श्वास कसे मोजावेत, जंतुसंसर्गाची लक्षणे कशी ओळखावीत, हे त्या शिकल्या. हा प्रयोग ३९ गावांत झाला. नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे ही पद्धत देशभरच्या आशा सेविकांच्या कामाचा भाग बनली. त्या गावांतल्या बायकांची माया आधीही कमी नव्हती. मायेला मोजमापाची जोड मिळाली तेव्हा बाळे वाचली.

शिक्षणाची परंपरा

समाजसेवकाला शिक्षण हवे, हे महाराष्ट्राने फार लवकर ओळखले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासदासाठी पाच वर्षांची उमेदवारी घातली होती. देशासाठी आयुष्य वाहून घ्यायला निघालेल्या पदवीधरालाही गोखले सांगत की, आधी अभ्यास करा, देश पाहा, मग बोला. त्याच समाजातले नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत 'सोशल सर्व्हिस लीग' उभारली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये व दवाखाने चालवले. पुढे या लीगने स्वयंसेवकांसाठी लहान मुदतीचे प्रशिक्षणवर्गही घेतले.

त्यानंतरची मोठी पायरी १९३६ ची. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने मुंबईत समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे तिचे पहिले संचालक. नागपाड्याच्या कामगारवस्तीत ते आधीपासून काम करत होते. हीच शाळा १९४४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन, १९५८ मध्ये नागपुरात मातृसेवा संघाची संस्था, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, अशी ही मालिका वाढत गेली आणि पुढे विदर्भाच्या जिल्ह्या-जिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालये निघाली.

एक भेद इथे स्पष्ट केला पाहिजे. पुष्कळांना राष्ट्रीय सेवा योजना आणि समाजकार्याचे शिक्षण एकच वाटते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षे सेवा करावी आणि सात दिवसांचे शिबिर करावे, अशी तिची रचना आहे. ती उत्तम योजना आहे; तिने लाखो मुलांना गावाची वाट दाखवली. परंतु तिथे सेवा हा संस्कार आहे. समाजकार्याच्या महाविद्यालयात सेवा ही विद्या आहे, जिची परीक्षा द्यावी लागते आणि जिच्या चुकांचा जाब द्यावा लागतो.

काय शिकवतात?

या विद्येची अंगे कोणती, हे पालकांना ठाऊक असावे. एकेका माणसाची अडचण समजून घेऊन त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास साहाय्य करणे, हे व्यक्तिसहाय्य कार्य. बचत गट, किशोरी मंडळ, व्यसनमुक्तांचा गट यांसारख्या समूहांबरोबर काम करणे, हे गटकार्य. अख्ख्या गावाने एकत्र येऊन आपला प्रश्न सोडवावा यासाठी धडपडणे, हे समुदाय संघटन. यांच्या जोडीला समाजकल्याण प्रशासन, सामाजिक संशोधन आणि सामाजिक कृती हे विषय येतात. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि कायदा यांची तोंडओळख असते. बारावीनंतर पदवी आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, असा हा क्रम आहे.

पण या शिक्षणाचा प्राण वर्गात नाही. तो क्षेत्रकार्यात आहे. आठवड्यातले काही दिवस विद्यार्थ्याने एखाद्या गावात, वस्तीत, रुग्णालयात वा संस्थेत जायचे, काय पाहिले, काय केले, काय चुकले ते लिहायचे आणि मार्गदर्शक प्राध्यापकासमोर बसून त्याची चिकित्सा करून घ्यायची. ही चिकित्सा कठोर असते. "त्या बाईला बोलायला तू किती वेळ दिलास? तिच्या नवऱ्याविषयी तुझा ग्रह आधीच झाला होता का? तू तिचे ऐकत होतास की तिला उपदेश करत होतास?" असे प्रश्न विचारले जातात. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहण्याआधी आपल्याच मनातले पूर्वग्रह पाहण्याची ही शिस्त आहे.

आणि इथेच एक कटू सत्य सांगणे भाग आहे. क्षेत्रकार्याचे अहवाल वसतिगृहाच्या खोलीत बसून लिहिले जातात, मागल्या वर्षीच्या वहीतून उतरवले जातात, असेही घडते. ज्या महाविद्यालयात असे चालते, तिथली पदवी ही कोऱ्या कागदाहून वाईट. कारण कोरा कागद कुणाला फसवत नाही. असा पदवीधर उद्या बालगृहात अधीक्षक म्हणून बसला, तर त्याच्या खोट्या वहीची किंमत एखादे अनाथ मूल मोजील. म्हणून पालकांनी महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नये. मुले क्षेत्रकार्यासाठी खरोखर कोणत्या गावी जातात आणि प्राध्यापक त्यांच्याबरोबर जातात का, हे विचारावे.

गाव हीच शाळा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुक्यांचा हा लहान जिल्हा समाजकार्याच्या विद्यार्थ्याला जे शिकवू शकतो, ते मोठ्या शहरातील वर्गखोली शिकवू शकणार नाही.

पहिला धडा वेळापत्रकाचा. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालू असताना जो कार्यकर्ता दुपारी महिलांची सभा बोलावतो, त्याला रिकामी सतरंजी भेटते. उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटेपासून मोहफुले वेचायची असतात, मे महिन्यात तेंदूपाने तोडायची असतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार आणि नाटके होतात, लेकी-जावई येतात. गाव एकत्र भेटायचे तर तेव्हा भेटते. ज्याला गावाचे पंचांग कळले, त्याचे निम्मे काम झाले.

दुसरा धडा भाषेचा. या एका जिल्ह्यात झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आणि हलबी आहे, सीमेकडे छत्तीसगढी आहे आणि बाजारात हिंदी आहे. पुस्तकी मराठीतला आरोग्यसंदेश म्हातारीला ऐकू जातो, पोहोचत नाही. तिच्या बोलीतले चार शब्द शिकणे हा कार्यकर्त्याच्या अभ्यासाचाच भाग आहे.

तिसरा धडा सर्वांत मोलाचा, आणि तो नम्रतेचा आहे. हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव आजही धानाला पाणी देतात आणि ढिवर समाज त्यांत मासेमारी करतो. पुढे तलावांत बेशरम माजली, देशी मासे घटले. भंडाऱ्याचे अभ्यासक मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर बांधवांबरोबर हा प्रश्न हाती घेतला, तेव्हा उत्तर बाहेरून आणले नाही. कोणत्या पाणवनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो, हे जाणत्या ढिवरांना पाठ होते. ते ज्ञान नोंदवले गेले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या तलावांतून बेशरम काढली गेली, देशी वनस्पती लावल्या गेल्या, या कामात स्त्रिया पुढे आल्या आणि मासळी पुन्हा वाढू लागली. गावाला शिकवायला गेलेल्याने आधी गावाकडून शिकावे, याचे याहून चांगले प्रात्यक्षिक कोणते?

चौथा धडा कायद्याचा. महाराष्ट्रातील तेरा जिल्ह्यांत घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्र आहे. गोंदिया त्यात येत नाही. त्यामुळे शेजारच्या गडचिरोलीत लागू असलेला पेसा कायदा इथल्या गोंड आणि हलबा बांधवांना उपयोगी पडत नाही. मात्र २००६ चा वनहक्क कायदा इथेही लागू आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो वनवासी बांधव वनजमीन कसतो, त्याला ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे दावा करता येतो. कागद नसेल तर गावातील वृद्धाचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून धरता येते. हे ठाऊक नसल्याने दावा फेटाळला गेला, तर एका घराची जमीन जाते. ते निवेदन नीट लिहून घेणारा एक शिकलेला तरुण गावात असला, तर ती वाचू शकते.

पाचवा धडा स्थानकावरचा. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन. घर सोडून निघालेले एखादे मूल फलाटावर सापडले, तर भला माणूस त्याला जेवू घालील, चार पैसे देऊन गाडीत बसवून देईल. पण ते मूल मारहाणीला भिऊन पळालेले असेल, तर आपण त्याला पुन्हा त्याच हातांत देत आहोत, हे त्याच्या लक्षात येणार नाही. १०९८ हा क्रमांक फिरवावा, चोवीस तासांच्या आत मुलाला बालकल्याण समितीसमोर न्यावे, असे कायदा सांगतो. ही १०९८ ची सेवा कुठून आली? १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील एका प्रयोगातून. त्याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात अत्याचारपीडित स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. समाजकार्याच्या शाळा केवळ पदव्या वाटत नाहीत. चांगल्या चालल्या तर त्या समाजाला नव्या व्यवस्था देतात.

आईच्या प्रश्नाचे उत्तर

आता आईचा प्रश्न. पोट कसे भरणार?

याचे उत्तर गोड करून सांगणे म्हणजे त्या माउलीची फसवणूक होईल. या क्षेत्रात वाटा आहेत. शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने संरक्षण अधिकारी हे पद निर्माण केले. बालसंरक्षण कक्ष, सखी केंद्रे, समुपदेशन केंद्रे, बचत गटांचे 'उमेद' अभियान, आदिवासी विकासाचे प्रकल्प यांत समाजकार्य पदवीधर लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा काही भाग सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले, तेव्हापासून तिकडेही मागणी आहे. २०२१ च्या एका केंद्रीय कायद्याने रुग्णालयांत व मनोविकार क्षेत्रात काम करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांना आरोग्य-व्यावसायिकांत स्थान दिले आहे.

पण यांतल्या पुष्कळ जागा कंत्राटी आहेत. मानधन बेताचे असते, कधी उशिरा येते, प्रकल्प संपला की नोकरी संपते. हे आईला आजच ठाऊक असलेले बरे. जो समाज रक्ताची यादी नीट हाताळणारा माणूस मागतो, त्याने त्या माणसाच्या घरची चूल पेटती राहील याचीही काळजी घेतली पाहिजे. त्याग ही कार्यकर्त्याने स्वतःहून करायची गोष्ट आहे. समाजाने त्याच्यावर लादायची नव्हे. संस्था चालवणाऱ्यांनी आणि दान देणाऱ्यांनी इमारतीला दगड देताना माणसाच्या वेतनाचाही विचार करावा, ही या निमित्ताने विनंती.

ज्यांना पदवी न घेताही सेवा करायची आहे, त्यांच्यासाठीही एक उदाहरण आहे. नानाजी देशमुख मूळचे मराठवाड्यातील कडोळीचे. साठीला आल्यावर सत्तेचे राजकारण सोडून ते ग्रामविकासाच्या कामात उतरले आणि पुढे चित्रकूट ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथे त्यांनी 'समाजशिल्पी दांपत्य' ही कल्पना राबवली. पदवीधर पती-पत्नीने आधी प्रशिक्षण घ्यायचे, मग खेड्यात जाऊन काही वर्षे राहायचे आणि गावकऱ्यांच्याच हातून गाव उभे राहील असे पाहायचे. मुदत संपली की निघून यायचे. २०१९ मध्ये नानाजींना मरणोत्तर 'भारतरत्न' मिळाले. त्यांच्या या योजनेतला सर्वांत शहाणपणाचा भाग ती मुदत हाच होता.

कारण समाजकार्याच्या शिक्षणातला शेवटचा पाठ तोच आहे. ज्या गावात कार्यकर्ता वीस वर्षांनंतरही तितकाच लागतो, तिथे त्याने काहीतरी चुकीचे केले आहे. दाव्याचा अर्ज गावातल्या मुलीला भरता येऊ लागला, बचत गटाचा हिशेब गटातल्याच बाईला जमू लागला, सिकलसेलचे चार वाक्यांतले सत्य सासू सुनेला सांगू लागली, की त्याने पिशवी उचलावी. दयेने वागणाऱ्याला आपली गरज टिकून राहावी असे नकळत वाटत असते. शिकलेला सेवक आपली गरज संपावी म्हणून राबतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव २००५ पासून नागपूर विद्यापीठाला लाभले आहे आणि गोंदियातली महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. 'ग्रामगीता' लिहिणाऱ्या या संताने गाव स्वच्छ करण्यापासून ते गावाचा कारभार चालवण्यापर्यंत सारा विचार बारकाईने मांडला. ज्या पदवीवर त्यांचे नाव छापलेले असते, तिला तेवढा बारकावा शोभला पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, उद्यापासून तुम्ही क्षेत्रकार्याच्या गावी जाल. पहिले काही महिने हातून विशेष काही घडणार नाही. गावकरी विचारतील, "तुम्ही सरकारकडून आलात का? काय देणार?" देण्यासारखे तुमच्याकडे काही नसेल. त्या रिकामपणाला भिऊ नका. पारावर बसा, ऐका, लिहा आणि खोटे लिहू नका.

आणि माता-पित्यांनो, लेकरू सायंकाळच्या एस.टी.ने धुळीने माखून घरी परतले की त्याला आज काय केलेस असे विचारू नका. आज काय ऐकलेस, ते विचारा. तुमच्या घरातून मिळणारे हे शिक्षण त्याला कोणत्याही महाविद्यालयात मिळणार नाही.